नवल मास्तरांची हरवलेली गाय

तापीकाठच्या उखा पाटलांनी पोराचं नाव नवल ठेवलं खरं, पण पुढची बरीच वर्षं घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. वाटायची ती काळजी. बाकीच्या भावांनी वखर धरला, कापूस वेचला, बैल नदीवर नेऊन धुतले. नवलनं बैल काढले. भिंतीवर, गेरूनं. एकदा दिवाळीसाठी नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर त्यानं घरचा पवळ्या बैल काढला, आणि उखा पाटील कमरेवर हात ठेवून त्या बैलाकडे बघत उभे राहिले. आता बाप पाठ थोपटणार म्हणून पोरगं लाजून खाली मान घालून उभं.

"चौथा पाय कोठे शे?" पाटलांनी विचारलं.

"मांगे शे. आठून दिसत नही."

"मंग लंगडा बैल कसाले काढा?"

आणि भिंत पुन्हा सारवून घेतली. नवलच्या कलेवरची ही पहिली समीक्षा. पुढं आयुष्यात झालेल्या समीक्षा हिच्यापेक्षा फार वेगळ्या नव्हत्या, फक्त त्या शुद्ध मराठीत होत्या.

पोरगं शेतीच्या कामाचं नाही हे घरादाराला कळून चुकलं, तेव्हा त्याला शिकवायचं ठरलं. आपल्याकडे शिक्षणाची वाट बहुतेक अशीच लागते. नवल धुळ्याला जाऊन ड्रॉइंगच्या परीक्षा पास झाला, आणि एकोणीसशे पन्नासच्या सुमारास शहाद्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटला. धोतर, कोट, काळी टोपी, आणि बोटांना कायमचे रंग. घरी परतला की उखा पाटील पोराकडे बोट दाखवून पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "मन्हा आंडोर मास्तर शे." कसला मास्तर, ते सांगत नसत.

ड्रॉइंग मास्तर हा शाळेतला मोठा मानाचा माणूस. म्हणजे असं की गणिताचे मास्तर रजेवर गेले की ड्रॉइंगच्या तासाला गणित, इतिहास मागे पडला की ड्रॉइंगच्या तासाला इतिहास, आणि कुणीच मागे पडलं नाही तर पोरांना मैदानावरचे दगड वेचायला न्यायचं. मग नवल मास्तर काय करत? सुस्वागतम् करत. शाळेत कोणीही येवो, मामलेदार येवो नाहीतर देवीची लस टोचणारा येवो, फळ्यावर कमळाच्या पाकळ्यांत 'सुस्वागतम्' काढायचं काम त्यांचं. त्या 'म्'चा पाय मोडायला ते कधी विसरत नसत. अक्षर असं वळणदार की येणारा माणूस फळ्याकडे बघायचा आणि उगाच जानवं सावरायचा.

त्यांची बायको सिंधुबाई. तिला चित्रांतलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगे, आणि मग अर्धा तास चित्रांवर बोले. या दोघांची एकुलती एक मुलगी तापी. नदीचंच नाव, आणि तोंडही नदीसारखंच, पावसाळ्यातल्या. सकाळी डोळे उघडले की सुरू. बकरीशी बोलायची, चुलीशी बोलायची, कुणीच नसलं तर दाराच्या कडीशी बोलायची. अर्थात अहिराणीत. शहाद्यात घरात दुसरी भाषा बोलतंय कोण? मराठी ही शाळेत आणि कचेरीत घालायची टोपी. बाहेर पडताना घालायची, घरी आलं की खुंटीला.

आता ही अहिराणी गोड भाषा, पण तिचं आणि 'ळ' या अक्षराचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. ती त्याला दारात उभं करत नाही. आभाळाचं आभाय, डोळ्याचा डोया, केळीची केयी, बगळ्याचा बगया. कागदावर 'ळ' लिहिलेला असला तरी वाचणारा बिनदिक्कत 'य' वाचतो, आणि ऐकणाऱ्यालाही तो 'य'च ऐकू येतो. कुणाचं काही अडत नाही. गेली कैक वर्षं कुणाचं अडलं नव्हतं.

मग महाराष्ट्र राज्य झालं. पेढे वाटले गेले, प्रभातफेऱ्या निघाल्या, नवल मास्तरांनी एका आठवड्यात इतकी सुस्वागतम् काढली की हात दुखायला लागला. आणि त्याच वर्षी शाळेला नवे हेडमास्तर आले, खांबेटे. घाटावरचे. मराठी राज्यात मराठीची काय दशा आहे ते बघून त्यांना रात्रीची झोप येत नसे, म्हणून ते दिवसा इतरांची उडवत. मोठ्या वर्गांचं वय निघून गेलं, जे काय सुधारायचं ते बालवयातच, असं म्हणून पहिलीचा उच्चारशुद्धीचा तास त्यांनी स्वतःकडे घेतला.

तापी त्याच वर्षी पहिलीत गेली. पहिल्याच दिवशी खांबेट्यांनी छडीनं भिंत दाखवून विचारलं, "आपण कुठं बसलो आहोत?" उत्तर द्यायची हौस कुणाला असणार? तापी ताडकन उभी राहिली.

"शायामा."

खांबेटे हसले. ते हसले म्हणून वर्ग हसला. ज्या पोरांच्या सात पिढ्यांना 'ळ' म्हणता आला नव्हता तीसुद्धा पोट धरून हसली, कारण हेडमास्तर हसत होते. मग खांबेटे म्हणाले, "ळ. म्हण, ळ."

"य."

"ळ."

"य."

"ळ म्हणेपर्यंत उभी राहा."

तापी उभी राहिली. तास संपेपर्यंत उभी राहिली. तिनं 'ळ' म्हटला नाही, 'य'ही म्हटला नाही. त्या दिवशी तिनं शाळेत जे तोंड मिटलं ते मिटलंच. दसरा गेला, दिवाळी गेली, पोरगी शाळेत एक शब्द बोलेना. हजेरीला नुसता हात वर करायची. घरी आली की उंबऱ्यापासून पुन्हा नदी सुरू, पण उंबऱ्याबाहेर कोरडी. खांबेट्यांनी शेरा मारला, 'मुलगी मंद आहे.'

हा शेरा नवल मास्तरांनी वाचला. आपली पोर मंद? जिच्या तोंडाला कंटाळून बकरी दावं तोडते ती? पण हेडमास्तरांना उलट बोलायचं म्हणजे मराठीत बोलावं लागणार, आणि मराठीत भांडायची मास्तरांना सवय नव्हती. ते गप्प बसले. गप्प बसले याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून ते आणखी गप्प बसले.

"पोर घरमा बोलस, बकरीसंगे बोलस, चुल्हासंगे बोलस," सिंधुबाई म्हणाली. "शायामाच तिले काय व्हस? तुम्हीन तठेच ऱ्हातस ना? मंग काय करी ऱ्हायनात तठे?"

मास्तर तिथं काय करत होते? सुस्वागतम्. पण हे सांगणार कसं?

बोलता येत नव्हतं, मग त्यांनी आपल्याला येतं ते केलं. जुन्या परीक्षांचे ड्रॉइंगचे कागद मागून कोरे होते, ते आणले. शाळेचे रंग, घरची हळद, गेरू, धुण्याची नीळ, असं सगळं जमवून त्यांनी तापीसाठी एक पुस्तक काढायला घेतलं. रोज एक पान. गोष्ट एवढीच की एका मुलीची गाय हरवते. मुलगी तिला शोधत निघते. तापी नदीच्या काठावर बगळ्याला विचारते, होडीतल्या नावाड्याला विचारते, केळीच्या बागेत माकडाला विचारते, कापसाच्या गाडीवर झोपलेल्या गाडीवानाला उठवून विचारते. प्रत्येक पानावर तोच प्रश्न, "आमनी गाय दखी का?" कुणी गाय पाहिलेली नसते, पण प्रत्येकजण सल्ला मात्र देतो. हा भाग मास्तरांनी शाळेच्या स्टाफरूमवरून घेतला होता. शेवटी मुलगी दमून घरी येते तर गाय घरामागंच उभी, आणि तोंडात बापाचा चित्राचा कागद.

गाय करडी होती, एक शिंग वाकडं, कारण घरची गाय तशीच होती. आणि चारही पाय दिसत होते. उखा पाटलांची टीका मास्तर विसरले नव्हते.

तापीला ते पुस्तक म्हणजे जीव की प्राण झालं. ती ते शेजारच्या फुलवंताबाईंना वाचून दाखवी, बकरीला वाचून दाखवी, पाव्हण्यांना धरून बसवून वाचून दाखवी. वाचते आहे की पाठ म्हणते आहे हे कुणाला कळायचं नाही, कारण पान उलटायच्या आधीच पुढचं पान तिच्या तोंडात आलेलं असे. मास्तरांना वाटलं, झालं, आता पोर एक दिवस हे पुस्तक दप्तरात घालून शाळेत नेईल आणि वर्गात उभी राहून वाचेल. त्यांना जगात एवढं एकच हवं होतं, की पोरीनं शाळेत तोंड उघडावं.

पण माणसाला एक हवं असतं तेव्हा दुसरं येऊन कानाशी लागतं. पुस्तकाची बातमी खांबेट्यांपर्यंत गेली. त्यांनी ते मागवून घेतलं, चाळलं, आणि नवल मास्तरांना खोलीत बोलावून चक्क खुर्चीवर बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत ड्रॉइंग मास्तरला त्या खोलीत बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही कलावंत आहात," खांबेटे म्हणाले. "हे छापायला हवं. गॅदरिंगला पुण्याहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर हे पुस्तक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाईल. वर तुमचं नाव, लेखक व चित्रकार. प्रस्तावना मी लिहीन. फक्त ही भाषा..." त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. आभाय, सकाय, केयी, काया, डोया. एकेका शब्दाभोवती तांबडं वर्तुळ. दोन पानांतच त्यांना कंटाळा आला. "आता सगळं मी कशाला दाखवू? तुम्ही सुज्ञ आहात. मराठीत आणा, आणि 'य' दिसला की 'ळ' करा, म्हणजे झालं."

नवल मास्तर हरभऱ्याच्या झाडावर असे काही चढले की शहादा त्यांना खाली मुंगीएवढं दिसायला लागलं. लेखक व चित्रकार, नवल उखा पाटील. रस्त्यानं ते हे स्वतःशी म्हणत घरी आले, आणि घरी येऊन पहिलं काम कोणतं केलं, तर तापीच्या पुस्तकाची शिवण उसवली. पानं सुटी केल्याशिवाय त्यावरून नवीन चित्रं उतरवता येणार कशी? उतरवताना पानांना शाई लागली, तेल लागलं, दोन पानं फाटली.

"मन्हं पुस्तक कोठे शे?" तापीनं विचारलं.

"छापाले जाई ऱ्हायनं, बेटा. चांगलं व्हईसन येई."

"चांगलंच शे ना?"

मास्तर पेन्सिलीला टोक काढायला लागले. याचं उत्तर सिंधुबाईकडे होतं, पण ते तिनं नवऱ्याला दिलं. "पोरले बोलती कराले निंघनात, नि तिन्हं पुस्तकच लई गयात. वाह रे मास्तर."

खरी गंमत इथून पुढं आहे. पुस्तक धुळ्याच्या एका शिळाछापखान्यात छापायचं ठरलं. तिथं खिळे जुळवायची भानगड नाही, मास्तर हातानं जे काढतील आणि लिहितील तेच जसंच्या तसं उमटणार. मास्तर खूश. अक्षर हा तर त्यांचा हातखंडा. ते एकेक शब्द घेऊन बसले. आभाय, आभाळ. सकाय, सकाळ. केयी, केळी. डोया, डोळा. लिहिता लिहिता ते त्या अक्षराच्या प्रेमातच पडले. 'ळ' म्हणजे बैलगाडीची दोन चाकं, गोल, शेजारी शेजारी. चित्र काढणाऱ्या माणसाला आवडावं असंच अक्षर. आणि इतकी वर्षं आपण त्याला घरात घेतलं नाही याची त्यांना लाज वाटली. हात चालत राहिला. मग आलं ते मुख्य वाक्य, प्रत्येक पानावरचं. ते एकदाच ठसठशीत, देखणं लिहायचं आणि ट्रेसिंग कागदानं सगळ्या पानांवर उतरवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी श्वास रोखून, जन्मात काढलं नव्हतं अशा वळणदार अक्षरात लिहिलं:

आमची गाळ दिसली का?

आणि वाचलं, "आमची गाय दिसली का?" छान. त्यांनी ते सगळ्या पानांवर उतरवलं.

आता कुणी म्हणेल, एवढी मोठी चूक कुणाच्याच कशी लक्षात आली नाही? अहो, यायला हवी होती कुणाच्या? सिंधुबाईनं वाचलं, "आमची गाय." स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना डोलावून वाचलं, "आमची गाय." छापखान्याचा मालक धुळ्याचा, त्यानं तर चष्मा लावून वाचलं, "आमची गाय," आणि वर सांगितलं की शुद्धलेखनाच्या बाबतीत आमचा छापखाना फार कडक आहे. सबंध खानदेशात ही चूक दिसू शकेल असा ओळखीतला माणूस एकच होता, खांबेटे. त्यांच्याकडे कच्चा छाप गेलाही. पण त्यात त्यांची स्वतःची प्रस्तावना होती, चांगली दोन पानांची. ती त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या प्रेमानं वाचली की पलीकडच्या पुस्तकापर्यंत ते पोचलेच नाहीत. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं, 'या पुस्तकातील अक्षर न् अक्षर मी स्वतः तपासले आहे.'

पुस्तकं एसटीच्या टपावरून शहाद्याला आली. छापखाना मूळचा विड्यांच्या बंडलावरच्या चिठ्ठ्या छापणारा, त्यामुळं त्याच्याकडे रंग दोनच, लाल आणि हिरवा. करडी गाय लालभडक झाली होती. बगळा हिरवा. मास्तरांनी पहिली प्रत तापीच्या हातात ठेवली. तिनं पानं उलटली. एकेक, शांतपणे. मग पुस्तक मिटून बापाच्या मांडीवर ठेवलं.

"हाई मन्हं नही शे," ती म्हणाली, आणि बकरीकडे गेली. तिनं ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं नाही. मास्तरांनी लाल गाईचं पान पुन्हा उघडलं. आपण पोरीचं असलेलं पुस्तक घेतलं आणि तिला नसलेलं आणून दिलं, हे त्यांना कळलं. पण पुस्तकं बांधून आली होती, फळ्यावर सुस्वागतम् काढायचं होतं, साहेब यायचे होते.

साहेब उशिरा आले. ते सकाळपासून तोरणमाळला आदिवासी शिक्षणाची पाहणी करत होते. तोरणमाळचा तलाव फार सुंदर आहे, त्यामुळं पाहणीला वेळ लागतो. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवात गाव. पुढं पोरं, मागं पागोटी आणि लुगडी, उखा पाटीलसुद्धा गाडी जुंपून आलेले, कारण पोराचं नाव छापून आलं होतं. साहेबांना गुच्छ द्यायला तापीला उभं केलं होतं. ही खांबेट्यांची योजना. गुच्छ देताना बोलावं लागत नाही, म्हणून हेच काम तिला जमेल, असं ते म्हणाले होते.

तापीनं गुच्छ दिला आणि तिथंच बाजूला उभी राहिली. खांबेटे शुद्ध मराठीत पुष्कळ बोलले. मग साहेबांनी पुस्तक उघडलं, प्रस्तावनेतलं एक वाक्य वाचून खांबेट्यांकडे बघत मान डोलावली, पान उलटलं, आणि घसा साफ करून पुण्याच्या स्वच्छ आवाजात वाचलं:

"आमची... गाळ दिसली का?"

ते थांबले. पान उलटलं. "आमची गाळ दिसली का?" आणखी एक पान. "आमची गाळ..."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. लोकांना वाटलं, साहेबांचा दात दुखत असेल. मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "काय वाची ऱ्हायना हाऊ? गाय शे ना ती? चित्र बी दिसत नही का त्याले?" दुसरा हळहळला, "एवढा मोठा मानूस, पन वाचता येत नही."

सगळ्या मांडवात तीनच माणसांना कळलं काय झालं ते. साहेबांना, खांबेट्यांना आणि नवल मास्तरांना. परक्या तोंडातून तो 'ळ' कानावर आदळला तेव्हा कुठं मास्तरांना तो दिसला, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. मांडवाच्या खांबाला धरून ते उभे राहिले. भिंत पुन्हा सारवून घेता आली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"खांबेटे," साहेब म्हणाले, "अक्षर न् अक्षर तुम्हीच तपासलंत ना? मग सांगा, गाळ हरवला म्हणून मुलगी रडते आहे, तिला तापीवर का नेत नाही? हवा तेवढा मिळेल." आणि ते आपल्याच विनोदावर हसले. "गाळ! चार पायांचा, लाल गाळ!" ते हसले म्हणून खांबेटेही हसले, रडक्या तोंडानं. खांबेटे हसले म्हणून सवयीनं पुढची पोरंही हसली.

तापी हसली नाही. कुणीतरी तिच्या गाईला हसत होतं. गाय लाल असेल, छापखान्यानं तिचं वाट्टेल ते केलं असेल, पण शिंग वाकडं होतं, आणि ते तिनं ओळखलं.

"गाय शे ती," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण खांबेट्यांची मान गर्रकन वळली. साहेब कौतुकानं खाली वाकले. "बाळ, नीट बघ बरं. हे कोणतं अक्षर आहे?"

"य."

"परत बघ."

"य," तापी म्हणाली. "तुमले वाचता येत नही का? आना, मी वाचस."

तिनं साहेबांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि मांडवाकडे तोंड केलं. पान पहिलं. तिथं छापलं होतं 'सकाळ झाली, आभाळ लाल झाले.' तापीनं वाचलं, "सकाय व्हयनी. आभाय लाल व्हयनं. आमनी गाय कोठे गयी?" पान दुसरं. "बगयाले इचारं, आमनी गाय दखी का?" छापलेलं एक अक्षर ती वाचत नव्हती. ती आपलं पुस्तक वाचत होती, उसवलेलं, शाई लागलेलं, घरी रद्दीत पडलेलं. चित्रं तेवढी जागेवर होती, तिला तेवढी पुरेशी होती. केयीना बागमा माकडानं सल्ला दिला तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गाडीवान झोपेतून उठला तेव्हा मागचे गाडीवान हसले. आणि शेवटच्या पानावर "गाय घरमांगेच उभी, तोंडमा बापना कागद" असं वाचून तिनं सरळ बापाकडे बोट दाखवलं, तेव्हा सगळा मांडव नवल मास्तरांकडे वळून हसला. उखा पाटलांनी शेजाऱ्याला विचारलं, "चारी पाय शेत ना?" आणि आहेत म्हटल्यावर मिशीवर हात फिरवला.

नवल मास्तर खांबाला धरून रडत होते. लोकांना वाटलं, आनंदानं. लोकांचं क्वचित बरोबर असतं, त्या दिवशी होतं.

साहेबांनी जाताना शेरा लिहिला, 'भाषा अशुद्ध. शिफारस करता येत नाही.' पुस्तक जिल्ह्यातल्या एकाही शाळेत गेलं नाही. उरलेल्या प्रती खांबेट्यांनी कोठीत टाकायला सांगितल्या, पण कोठीची किल्ली ड्रॉइंगच्या सामानासाठी नवल मास्तरांकडेच असे, त्यामुळं प्रती पोरांच्या घरोघर गेल्या. धडगावच्या एसटीतसुद्धा त्या दिसल्या म्हणतात. जिथं गेल्या तिथं पोरांनी गाळ लिहिलेलं बघून बिनचूक गाय वाचलं. मास्तरांनी पुन्हा काही छापलं नाही. हातानं मात्र पुष्कळ पुस्तकं केली, पुढची कैक वर्षं, जुन्या परीक्षांच्या कागदांच्या मागच्या बाजूवर. पहिलं कुणाचं केलं ते सांगायला नको. करडा रंग आणि दोरा घेऊन ते गॅदरिंगच्याच संध्याकाळी बसले होते.

पण गॅदरिंगनंतर शाळा पुन्हा भरली, त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मधल्या सुट्टीत खांबेट्यांनी मास्तरांना बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं नाही.

"मास्तर, तुमच्या मुलीला समज द्या. सकाळपासून वर्गात बोलते आहे. मला तास घेऊ देत नाही. आणि सगळं त्या 'य'मध्ये."

नवल मास्तर शाळेच्या फाटकात शिरले की कायम मराठी बोलत. नोकरीला लागल्यापासूनचा त्यांचा तो नेम होता. त्यांनी टोपी काढली, तिच्यावरची खडूची भुकटी झटकली, आणि हातातच धरून ठेवली.

"बोलस का?" ते म्हणाले. "बोलू द्या मंग."

आणि सहावीच्या वर्गावर निघून गेले. त्यांच्या तासाला त्या दिवशी गणित होतं.